कुस्ती पन्नासवर, कीर्तन पंचवीसवर

बेळगाव तालुक्यात आता कुस्तीचं मैदान असो, पारायण असो की गणपतीची मिरवणूक, कोपऱ्यात एक तिवई, एक लॅपटॉप आणि एक डोंगल असतंच. गावची पोरं पुण्यात, गोव्यात, आखातात. त्यांना तिथे बसून बघायचं असतं. आणि सेटिंग लावताना मंडळातलं कुणीतरी मागून हमखास सांगतं, "साठवर टाका की ओ, पिक्चर भारी येतंय बगा." टाकलं की थोड्या वेळात खाली कमेंट सुरू होतात: "धुरकट दिसालंय", "अडकालंय ओ".

साठवर, म्हणजे सेकंदाला साठ फ्रेमवर, चित्र भारी येतं हेही खरं, आणि साठवर चित्र धुरकट होतं हेही खरं. दोन्ही एकाच वेळी कसं खरं असतं, ते समजायला फ्रेम रेट आणि बिटरेट यांचं आपसातलं नातं बघावं लागतं.

फ्रेम रेट म्हणजे सेकंदाला किती चित्रं. बिटरेट म्हणजे सेकंदाला किती डेटा. डेटाचा आकडा आपण मनाने ठरवत नाही, तो नेटवर्क ठरवतं. फुल एचडीचं एक चित्र म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण २०.७ लाख ठिपके. रंगाची माहिती नेहमीच्या पद्धतीने कमी करून घेतली तरी ठिपक्यामागे सरासरी १२ बिट लागतात. सेकंदाला २५ चित्रं धरली तर हा कच्चा माल होतो ६२२ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ६२२ दशलक्ष बिट. आपण वर पाठवतो ४ एमबीपीएस. म्हणजे दीडशे भागांतले एकशे एकोणपन्नास गाळून उरलेल्या एका भागात पैलवान ओळखू आला पाहिजे. हे गाळण्याचं काम एन्कोडर करतो, आणि कुठे किती बिट खर्चायचे हे ठरवणाऱ्या त्याच्यातल्या भागाला रेट कंट्रोल म्हणतात.

आता साधा भागाकार. ४ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ४० लाख बिट. २५ फ्रेम असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला १ लाख ६० हजार बिट, म्हणजे २० केबी. ५० फ्रेम केल्या की १० केबी. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा सुप्रभातचा फोटोही याहून जड असतो.

बरेच जण इथेच थांबतात. फ्रेम दुप्पट झाल्या, वाटा निम्मा झाला, मग बिटरेट दुप्पट करा. भागाकार बरोबर आहे, पण निष्कर्ष फसवा आहे. व्हिडिओ अपलोड करण्यासाठी यूट्यूबने स्वतः दिलेले आकडे बघा: १०८०पी ला, म्हणजे फुल एचडीला, ३० एफपीएसला (सेकंदाला ३० फ्रेम) ८ एमबीपीएस, ६० ला १२. त्याहून लहान आकाराच्या ७२०पी ला ५ आणि साडेसात. फ्रेम दुप्पट, बिट दीडपट. उरलेले अर्धे कुठे गेले?

याचं उत्तर असं की व्हिडिओत दोन तऱ्हेचा खर्च असतो. एक खर्च सेकंदामागे होतो आणि एक फ्रेममागे. फ्रेम रेट वाढवला की फक्त दुसरा वाढतो. ही एक गोष्ट डोक्यात बसली की बाकीचं सेटिंग आपोआप सुचत जातं.

आनंदवाडीच्या आखाड्यातली एखादी कुस्ती डोळ्यांसमोर आणा. दोघे हातघाईवर आहेत, हलगी वाजतेय, आणि डावीकडचा पैलवान एकेरी पट काढायला खाली घुसतो. एन्कोडर नवीन फ्रेम कोरी काढायला बसत नाही. तो चित्राचे छोटे चौकोन करतो, एच.२६४ या व्हिडिओ आवळण्याच्या प्रचलित पद्धतीत हे चौकोन १६ गुणिले १६ ठिपक्यांचे. प्रत्येक चौकोनासाठी तो मागच्या फ्रेममध्ये शोधतो: हाच तुकडा तिथे कुठे होता? सापडला तर "वीस ठिपके उजवीकडे, सहा खाली" एवढंच लिहितो आणि उरलेला फरक तेवढा वेगळा जोडतो. लाल मातीचा जो भाग हललाच नाही, त्याच्यासाठी "आहे तसाच" एवढीच नोंद, जवळजवळ फुकट.

पैलवान पुढे सरकला की त्याच्या पाठीमागची जागा उघडी पडते. तिथली माती, पलीकडे बसलेल्यांचे पाय, पंचाचं धोतर. हे मागच्या फ्रेममध्ये नव्हतंच, त्यामुळे ते नव्याने काढावं लागतं आणि तिथे बिट जातात. पण एका सेकंदात अशी एकूण किती जागा उघडी पडली हे पैलवानाच्या वेगावर ठरतं, तुम्ही त्या सेकंदाचे २५ तुकडे केलेत की ५० यावर नाही. ५० केले तर प्रत्येक फ्रेममध्ये निम्मीच नवी जागा निघते. शिवाय दोन फ्रेममधलं अंतर कमी झाल्यामुळे अंदाज जास्त नेमका बसतो. चाळीस मिलिसेकंदात मांडी वळते, सावली बदलते, फरक मोठा राहतो; वीस मिलिसेकंदात तेवढं होत नाही. हा झाला सेकंदामागचा खर्च. फ्रेम वाढल्या तरी तो जवळपास तेवढाच राहतो, फक्त जास्त जणांत वाटला जातो.

फ्रेममागचा खर्च मात्र हटत नाही. प्रत्येक फ्रेमची आपली नोंद, प्रत्येक चौकोन कुठून आणला त्याची नोंद, आणि सर्वांत महागडी गोष्ट म्हणजे दाणे. संध्याकाळी हॅलोजनच्या उजेडात कॅमेऱ्याला प्रकाश कमी पडतो, तो आतून आवाज चढवल्यासारखा सिग्नल चढवतो आणि चित्रात मुंग्या दिसायला लागतात. या मुंग्या दर फ्रेमला वेगळ्या. मागच्या फ्रेमवरून त्यांचा अंदाज बांधता येत नाही, कारण त्या कुठून सरकत आलेल्या नसतातच. एन्कोडरला मुंगी आणि मातीचा खडा यातला फरक कळत नाही. तो बिचारा दोन्ही जपायला जातो. ५० वर गेलात की शटर जास्त वेळ उघडं ठेवता येत नाही. २५ वर १/५० सेकंदाचं शटर असेल आणि तुम्ही ५० वर १/१०० केलं, तर प्रत्येक फ्रेमला प्रकाश निम्मा मिळाला. म्हणजे मुंग्या असलेल्या फ्रेम दुप्पट, आणि प्रत्येकीत मुंग्याही आधीपेक्षा जास्त. रात्रीच्या मिरवणुकीत साठ एफपीएस लावल्यावर चित्राचा चिखल होतो तो यामुळे. डॉल्बीसमोरचे लुकलुकणारे दिवे त्यात भर घालतात: आधीची फ्रेम अंधारी, पुढची पांढरीफटक, अंदाजाला आधारच उरत नाही.

गुलालाचंही तसंच. ढोलताशा पथकावर गुलाल उधळला की हवेतले हजारो कण प्रत्येक जण आपापल्या दिशेने जातो. खानापूरकडे कणकुंबीचा पाऊसही एन्कोडरला तसाच दिसतो. गोकाकचा धबधबा पावसाळ्यात भरून वाहत असताना तर चांगला एन्कोडरही हात टेकतो, कारण मागच्या फ्रेममधला पाण्याचा तुकडा पुढच्या फ्रेममध्ये त्याच रूपात कुठेच सापडत नाही. अशा दृश्यात सेकंदामागचा आणि फ्रेममागचा खर्च यांतली रेषाच पुसली जाते आणि फ्रेम दुप्पट केल्या की खर्च खरोखर दुपटीकडे जातो. धबधबा चित्रित करणाऱ्याला माझा सल्ला उलटा असतो: २५ वर राहा, शटर जमेल तेवढं सावकाश ठेवा. पाणी रेशमासारखं दिसतं आणि बिटही वाचतात.

आता रेट कंट्रोल. त्याला दोन गोष्टी सांभाळायच्या असतात: चित्र बिघडू द्यायचं नाही आणि ठरलेल्या बिटरेटच्या बाहेर जायचं नाही. यासाठी त्याच्याकडे एक काल्पनिक हिशेब असतो. एच.२६४ च्या मानकातच तो लिहिलेला आहे. पलीकडे बघणाऱ्याच्या प्लेअरमध्ये गच्चीवरच्या टाकीसारखी एक टाकी आहे असं धरायचं. तिच्यात नळ एका धारेने पडतो, तो बिटरेट. खालून ठरलेल्या ठोक्याला कुणीतरी एकेक भांडं भरून नेतं, ती फ्रेम. २५ एफपीएसला दर ४० मिलिसेकंदाला एक भांडं, ५० ला दर २० मिलिसेकंदाला. भांडी सारखी नसतात. पूर्ण चित्र साठवणारी आय-फ्रेम म्हणजे हंडा. मागच्यावरून अंदाज बांधणारी पी-फ्रेम म्हणजे तांब्या. मागचं-पुढचं दोन्ही बघून बांधलेली बी-फ्रेम म्हणजे वाटी. हंडा लावला आणि टाकीत तेवढं पाणीच नसलं तर पडद्यावर गोल चक्र फिरायला लागतं.

एन्कोडर इथे बसून तिथल्या टाकीचा हिशेब ठेवतो आणि पुढचं भांडं किती मोठं चालेल ते ठरवतो. भांडं लहान करायचं तर चित्र जास्त आवळायचं. एच.२६४ मध्ये या आवळण्याच्या ० ते ५१ अशा पायऱ्या आहेत. दर सहा पायऱ्यांना बारकावा निम्म्यावर येतो आणि ढोबळमानाने बिटही निम्म्याच्या आसपास. कमेंटमध्ये "धुरकट दिसालंय" येतं तेव्हा हा आकडा वर चढलेला असतो.

हंड्याचा हिशेब जवळून बघण्यासारखा आहे. थेट प्रक्षेपणात यूट्यूब सांगतं, दर २ सेकंदाला एक आय-फ्रेम द्या, ४ सेकंदांच्या पुढे जाऊ नका. ४ एमबीपीएसने दोन सेकंदांत १००० केबी मिळतात. एक आय-फ्रेम १५० केबीची धरू. २५ एफपीएसला उरलेले ८५० केबी ४९ फ्रेमांत वाटले की प्रत्येकी साधारण १७ केबी. ५० एफपीएसला तेच ८५० केबी ९९ फ्रेमांत, म्हणजे साडेआठच्या आसपास. हे ठीक आहे, कारण मधल्या फ्रेमांना आता कमी लागतं.

पण दोन आय-फ्रेममधलं हे अंतर तुम्ही सेकंदांत न देता फ्रेमांत दिलं असेल तर गंमत होते. ओबीएस हे प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर सेकंदांत विचारतं. एफएफएमपेग हे व्हिडिओ रूपांतराचं सॉफ्टवेअर मात्र फ्रेमांत विचारतं, आणि एक्स-२६४ या मोफत एन्कोडरला काहीच सांगितलं नाही तर तो जास्तीत जास्त २५० फ्रेमांचं अंतर धरतो: २५ ला दहा सेकंद, ५० ला पाच. समजा २५ वर असताना तुम्ही ५० फ्रेमांचं अंतर लिहून ठेवलंय आणि मग फक्त एफपीएस ५० केला. आता हंडा दर सेकंदाला लागायला लागला. ५०० केबीतले १५० त्यात गेले, उरलेले ३५० केबी ४९ फ्रेमांत, प्रत्येकी सात केबीच्या आसपास. बिटरेटला हातही न लावता चित्र उतरलं. वर दर सेकंदाला चित्र एकदा चकचकीत होतं आणि पुन्हा मळतं, ते धडधडणं वेगळंच.

फ्रेम रेटचा आणखी एक परिणाम फारसा कुणाच्या लक्षात येत नाही, पण आपल्याकडे तो सर्वांत जास्त दिसतो. रेट कंट्रोल भागाकार करतो तो त्याला सांगितलेल्या एफपीएसने. प्रत्यक्षात फ्रेम तेवढ्या येतातच असं नाही. फोनचा कॅमेरा अंधार पडला की पुष्कळदा गुपचूप फ्रेम कमी करतो, म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवता येतं. समजा एन्कोडरला सांगितलंय ३० एफपीएस आणि ४ एमबीपीएस. त्याने फ्रेममागे १ लाख ३३ हजार बिट ठरवले. दिवेलागणीला फोन १५ वर उतरला. फ्रेमच्या वेळेची खूण न बघणारा एन्कोडर असेल तर तो प्रत्येक फ्रेमला तेवढेच बिट देत राहतो, आणि बाहेर पडतात फक्त २ एमबीपीएस. नेट रिकामं, चित्र मात्र धुरकट. उलट झालं, सांगितलं २५ आणि आले ५०, तर ८ एमबीपीएस सुटतात आणि डोंगलचा घसा दाटतो. चांगले एन्कोडर प्रत्येक फ्रेमची वेळ बघून हिशेब सुधारतात. काही स्वस्त हार्डवेअर एन्कोडर बघत नाहीत. म्हणून फोनवरून करायचं असेल तर एफपीएस बांधून टाकण्याची सोय असलेलं अ‍ॅप घ्या आणि आपोआप फ्रेम कमी करणारी सोय बंद करा.

तीस की पंचवीस, हाही प्रश्न येतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. शटर १/५० किंवा १/१०० असलं तर ती लुकलुक चित्रात येत नाही. १/६० वर ठेवलं की प्रत्येक फ्रेमचा उजेड थोडा वेगळा येतो, कधी आडवे पट्टे फिरतात, आणि एन्कोडर त्या पट्ट्यांवर बिट उधळतो. २५ आणि ५० या आकड्यांना ही शटर सहज जमतात. ३० ला पण जमतात. ६० ला १/५० शक्यच नाही, कारण फ्रेमच त्याआधी संपते. १/१०० घ्यावं लागतं. शिवाय लग्नाच्या शूटिंगवाल्यांकडचे बरेच कॅमेरे आपल्या टीव्हीच्या पद्धतीचे, २५ किंवा ५० वाले. तो २५ चा सिग्नल ओबीएसमध्ये ३० वर घेतला की दर पाच फ्रेमांमागे एक फ्रेम दोनदा जाते. दोनदा गेलेल्या फ्रेमला बिट फार लागत नाहीत, पण कॅमेरा फिरवताना चित्र लंगडतं. कॅमेरा जे देतो तेच पुढे पाठवावं. २५ ला ६० करून भारी पिक्चर येत नाही, कुणी कितीही सांगितलं तरी.

लॅपटॉपचा प्रश्नही यातच आला. २५ ला एन्कोडरकडे एका फ्रेमसाठी ४० मिलिसेकंद असतात, ५० ला २०. जुना लॅपटॉप असेल तर त्याला घाईचा प्रीसेट (तयार सेटिंग) द्यावा लागतो, आणि घाईत तो चौकोन नीट शोधत नाही. त्याच बिटरेटला चित्र उतरतं, आणि नाव मात्र नेटचं खराब होतं.

मग काय लावायचं? ठिपक्यांचा हिशेब केला की एक छान वाट दिसते. १०८०पी २५ ला सेकंदाला ५ कोटी १८ लाख ठिपके. १०८०पी ५० ला १० कोटी ३७ लाख. आणि ७२०पी ५० ला ४ कोटी ६१ लाख, म्हणजे फुल एचडी २५ पेक्षाही थोडे कमी. ४ एमबीपीएसमध्ये कुस्ती दाखवायची तर माझी निवड डोळे मिटून ७२०पी ५०. घिस्सा कधी लागला, पाठ मातीला टेकली की खांदा वर होता, हे प्रेक्षकाला बघायचं असतं, आणि ते बारकाव्यात नसून हालचालीत असतं. हा विचार नवा नाही. अमेरिकेत एबीसी आणि ईएसपीएन या वाहिन्यांनी एचडीसाठी ७२०पी ६० निवडलं, आणि युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने २००४ मध्ये ७२०पी ५० ची शिफारस केली. कबड्डीला आणि बैलगाडा शर्यतीलाही हेच.

कीर्तन, पारायण, सत्कार, भाषण, नाट्यप्रयोग: १०८०पी २५. माणूस उभा आहे, मागचा पडदा हलत नाही, बहुतेक चौकोन "आहे तसाच" मध्ये जातात. इथे ५० केलं तरी उजेड चांगला असेल तर खर्च फार वाढत नाही, पण मिळतही काही नाही. शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्री असते, गर्दी, दिवे, गुलाल सगळं एकदम. तिथे ७२०पी २५, आणि कॅमेरा हातात न धरता गॅलरीत तिवईवर. हातात धरलेला कॅमेरा अख्खं चित्र हलवतो, आणि मग जवळजवळ फुकटात जाणारा एकही चौकोन उरत नाही.

नंतर अपलोड करायच्या रेकॉर्डिंगला हा घोर नाही. तिथे दर्जा ठरवून द्यायचा, फाइल होईल तेवढी होऊ द्यायची. एक्स-२६४ तर फ्रेम पडद्यावर किती वेळ राहणार हेही धरतो आणि कमी वेळ दिसणारी फ्रेम थोडी जास्त आवळतो. त्यामुळे चांगल्या उजेडातलं ५० एफपीएसचं लग्न २५ च्या दुप्पट जागा खात नाही. रात्रीच्या वरातीचं मात्र सांगता येत नाही.

राहिला नेटचा भाग. अपलोडचा वेग मैदान रिकामं असताना मोजून उपयोग नाही. माणसं जमली, प्रत्येकाने खिशातून फोन काढला की तोच टॉवर वाटला जातो. सीमेवरच्या गावांत आणखी एक कटकट. बाची ओलांडून शिनोळीकडे जाताना फोन कर्नाटकचं सर्कल सोडून महाराष्ट्राचं पकडतो, आणि अधल्यामधल्या जागी तो दोन्हीकडे हात मारत राहतो. त्या वेळी अपलोड क्षणभर बसतो. अशा ठिकाणी नेटवर्क निवडण्याचं सेटिंग हाताने एकावर बांधून ठेवावं, आणि भर गर्दीत मोजून ६ एमबीपीएस दिसले तर ४ च्या वर जाऊ नये.

तरीही वेग घसरला तर आधी काय सोडायचं हे ठरवून ठेवा. व्हिडिओ कॉलच्या सॉफ्टवेअरमध्येही हाच प्रश्न असतो: नेट बसलं की फ्रेम टिकवायच्या की आकार टिकवायचा. कुस्तीत आकार सोडा, ७२० वरून ४८० वर या, पण ५० एफपीएस राहू द्या. पारायणात फ्रेम सोडा, १५ वर आणलं तरी बुवांचा चेहरा स्पष्ट दिसतो. ओबीएसमध्ये फ्रेम रेट चालू प्रक्षेपणात बदलता येत नाही, त्यामुळे दोन प्रोफाइल आदल्या रात्रीच करून ठेवावेत, आणि बदलायचंच झालं तर एक कुस्ती निकाली होऊन दुसरी जोड लागेपर्यंतच्या वेळात बदलावं.